काठावरच्या निळ्या सपाता

ओरेस्त पेत्रोविच, पाणी पुन्हा कमी झालं आहे.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत, तुमच्या फोटोपुढे मी जो ग्लास ठेवते, त्यातलं. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, की तुमच्या रीतीप्रमाणे वारलेला माणूस चाळीस दिवस घरातच वावरतो, त्याला तहान लागते, म्हणून पाण्याचा ग्लास आणि त्यावर पावाचा तुकडा ठेवतात. शेजारीण म्हणून तुमची किल्ली माझ्याकडे. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं, आणि माझ्याकडे आलेलं काम होतंच, हे तुम्हाला ठाऊक आहे. रोज सकाळी हॉस्पिटलात कामाला जाण्याआधी ग्लास काठोकाठ भरते, पाव बदलते, दार ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पाणी दोन बोटं खाली गेलेलं असतं. पाव जागचा हललेला नसतो.

मी घाबरणाऱ्यांतली नाही. आधी खिडकीखालचा रेडिएटर बंद केला. मग ग्लासाला बाहेरून चिकटपट्टीची खूण केली. मग ग्लासच बदलला, न जाणो बारीक तडा असेल, आणि नव्यालाही तशीच खूण केली. श्रीकांतला सांगितलं, तर माझा नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "उंदीर असेल."

"उंदीर पाव सोडून पाणी पितो? तेही पावाला धक्का न लावता?"

"इंग्लंडचा उंदीर आहे. मॅनर्स असणार."

हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन बोटं.

तुमच्या देशातल्या एखाद्या वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी आल्या असतील. आधी पोहण्याचे प्रशिक्षक, मग खात्यात अधिकारी, मग क्रीडामंत्री, सरकार पडल्यावर कोणीच नाही. मी त्या ओळींत पडत नाही. मला भेटलेले मंत्री मँचेस्टरच्या कौन्सिलच्या एका स्विमिंग पूलवर, निळ्या रबरी सपाता घालून, माझ्यावर ओरडत होते.

शेजारी राहून आपल्याला वर्ष झालं होतं, पण कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. माझा गुडघा धरला होता. जीपी डॉक्टर म्हणाली, पोहा. पन्नाशीला आलेली बाई, अंगात लेगिंग्ज आणि श्रीकांतचा जुना टी-शर्ट, उथळ पाण्यात उभी राहून कडेचा दांडा दोन्ही हातांनी धरून होते. वरून आवाज आला.

"मॅडम, तो दांडा कुठे पळून जाणार नाही. सोडा त्याला."

"सोडला तर मी बुडेन."

"पाणी तुमच्या कमरेपर्यंत आहे. बुडायला तुम्हाला बसावं लागेल."

मी रागाने दांडा सोडला, आणि उभीच राहिले. तुम्ही नुसतं "हं" केलंत. पुढे तीन वर्षांत माझ्या पोहण्याचं यापेक्षा मोठं कौतुक तुम्ही कधी केलं नाहीत.

तुम्ही पाण्यात कधीच उतरला नाहीत. काठाने चालायचात. मी भिंतीलगतच्या लेनमधून हातपाय मारायचे आणि तुमच्या सपाता चटक्-चटक् करत बरोबरीने यायच्या. श्वास घ्यायला मान कुठे वळवायची, हे मला कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "काठ ज्या बाजूला, तोंड त्या बाजूला. मी तिथे असेन." जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. मान वळली की डोळ्यांसमोर पाण्याची रेघ, ओली फरशी आणि दोन निळ्या सपाता. त्या दिसल्या की छाती भरून श्वास यायचा. माझी भीती त्या सपातांवर विसावली. गेली ती नाही, पण विसावली.

एकदा पोहून झाल्यावर कॅफेत चहा पिताना तुम्ही माझं पूर्ण नाव विचारलंत. मी सांगितलं, की आमच्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं.

"म्हणजे तुमचे वडील बदलले?"

"कागदावर."

"त्यांचं नाव काय होतं?"

"वसंत."

"मग तुम्ही सुनंदा वसंतिवना, वसंतची मुलगी." आमच्यात बाप कोणी बदलत नाही, असंही वर जोडलंत. पंचवीस वर्षांत माझ्या नावाला बाबांचं नाव कोणी लावलं नव्हतं. मी तेव्हा घड्याळ बघून उठले, बस चुकेल म्हणाले. बस चुकणार नव्हती.

मी तुम्हाला मंत्रिसाहेब म्हणायचे आणि तुम्ही मला सेक्रेटरी, कारण मी मंडळाच्या गणपतीपासून हॉस्पिटलातल्या ऑपरेशनच्या क्रमापर्यंत सगळ्याच्या याद्या करते. तुम्हाला त्यांचं हसू यायचं, पण मंत्रिपदाबद्दल विचारलं की तुम्ही स्वतःही हसायचात. टेबलावर चार फोन होते म्हणे, त्यांतल्या एकाला नंबर फिरवायची तबकडीच नव्हती. तो फक्त वरच्यांचा फोन आला तरच वाजणारा. तो कधी वाजला नाही, पण तुम्ही त्याच्याकडे पाठ करून कधी बसला नाहीत. मंत्रिपद गेल्याचं तुम्हाला कोणी कळवलंही नाही. सकाळी कोट घालून फाटकाशी उभे राहिलात आणि गाडी आली नाही, एवढंच. किती वेळ उभे होतात, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हलिना खिडकीतून हाक मारेपर्यंत." हलिना तुमची बायको. त्या गेल्यावरच तुम्ही या देशात आलात.

इथल्या बसस्टॉपवरही तुम्ही तसेच उभे राहायचात. ताठ, बसच्या दिशेला न बघता, जणू काही आपल्यासाठी पाठवलेलं आहे आणि ते येणारच. परवा मी भांडी विसळताना सहज खिडकीतून बघितलं, स्टॉपवर कोणीतरी तसंच उभं होतं. मी हात पुसला, चष्मा लावला. बस आली, थांबली, दार उघडलं, कोणी चढलं नाही. बस गेल्यावर स्टॉप रिकामा होता. दिवसाढवळ्या, ओरेस्त पेत्रोविच, शाळा सुटायच्या वेळेला.

आता लेस्याकडे येते. टाळून झालं तेवढं बस्स.

तुमच्या मुलीने तुम्हाला या देशात आणलं, कागदपत्रं केली, दर महिन्याला फोन केला. ग्लासगोच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, नवरा स्कॉटिश. पण तिने तुम्हाला आपल्या घरात ठेवलं नाही, आणि तुम्हीही कधी तसं सुचवलं नाहीत. तुमच्या आईची बहीण युद्धानंतर मँचेस्टरच्या गिरणीत कामाला आली होती, तिचं घर होतं, चर्च जवळ होतं, ही कारणं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मला एकदा खरं कारण सांगितलंत. मी पूलची अख्खी लांबी न थांबता पार केली होती, त्या दिवशी. मला वाटतं, म्हणूनच सांगितलंत.

तुम्ही मंत्री होतात आणि लेस्या पोहत होती. ऑलिम्पिकच्या संघात एक जागा उरली होती आणि मुली दोन. चाचणी बंद दाराआड झाली. वीज वाचवायची म्हणून वेळ दाखवणारा बोर्ड बंद होता. काठावर दोन प्रशिक्षक आणि तुम्ही, हातातल्या घड्याळांवर वेळ घेत. लेस्या पहिली आली. फरक थोडा होता, पण तिघांच्याही घड्याळांत होता. तेव्हा वर्तमानपत्रं रोज लिहीत होती, की मंत्र्यांच्या पोरांना सगळं ताटात मिळतं. तुम्ही प्रशिक्षकांना म्हणालात, दुसरी जाईल. आणि लेस्याने पाण्यातून डोकं वर काढून "किती?" विचारलं, तेव्हा तुम्ही तिला जास्तीची वेळ सांगितलीत. अजून तयार नाहीस, म्हणालात. ती पाण्याबाहेर आली आणि पुन्हा कधी पाण्यात गेली नाही.

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि तो संपलेला नाही.

मी म्हणाले, "जागा दुसरीला दिलीत, ते मी समजू शकते. मीसुद्धा मंडळाच्या नाटकात माझ्या मुलीला घेतलं नसतं, लोक बोलतात म्हणून. पण खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं, तर ती भांडली असती."

"भांडू द्यायचं."

"भांडली असती तर मी हरलो असतो, सुनंदा वसंतिवना. तिला संघात घ्यावं लागलं असतं."

"मग घ्यायचं."

"आणि वर्तमानपत्रं?"

"ती वर्तमानपत्रं आज कुठे आहेत?"

तुम्ही चहा ढवळत राहिलात. साखर घालत नसूनही. मी म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, फोन करा. तुम्ही म्हणालात, एवढ्या वर्षांनी मुलीला काय सांगू, की तू जिंकली होतीस? त्याने तिला काय मिळेल? मी म्हणाले, ते तिने ठरवायचं. तुम्ही म्हणालात, तुम्ही फार नीटनेटक्या आहात, सगळं कपाटात बसतं असं तुम्हाला वाटतं. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. पूलवर मात्र गेले, आणि तुम्ही काठाने चाललात. चटक्-चटक्. एक शब्द न बोलता.

त्याच दिवसांत कधीतरी, आपला वाद जरा थंडावलेला असताना, तुम्ही तिची खरी वेळ मला सांगितलीत. सेकंदाच्या शतांशापर्यंत. मी ती इथे लिहीत नाही. ती माझी नाही.

तुम्हाला हॉस्पिटलात न्यायला अँब्युलन्स आली, तेव्हा तुम्ही तिच्यातल्या दोन पोरांना थांबवलंत. प्रवासाला निघण्याआधी क्षणभर बसायचं, गप्प, ही तुमच्याकडची रीत. मी पुण्याला निघाले की मला तुमच्या कोचावर बसवायचात आणि बाहेर टॅक्सीचा मीटर चालू. त्या दिवशी तुम्ही बसलात, मी बसले, आणि हिरव्या कपड्यांतली ती दोन पोरंही का कोण जाणे आपल्या कोचाच्या टोकाला टेकली. मग तुम्ही उठलात.

हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "सेक्रेटरी, यादीत एक घाला."

"काय घालू?"

तेवढ्यात नर्स आली. रक्तदाब, गोळ्या, उशी. ती जाईपर्यंत तुमचा डोळा लागला होता. मी बाजूला बसून राहिले. तुम्ही जागे झाला नाहीत.

लेस्या अंत्यविधीला चर्चमध्ये आली होती. शेवटच्या बाकाशी उभी राहिली, मेणबत्ती हातात, तुमच्यासारखीच ताठ. माझा हात हातात घेतला, सगळं केल्याबद्दल आभार मानले आणि दुपारच्या गाडीने परत गेली. मी काही बोलले नाही. तुम्ही काय घालायला सांगत होतात, हे मला पक्कं माहीत नव्हतं, आणि पक्कं माहीत नसलेलं मी करत नाही.

मग मी पूलवर गेले. गुडघा थांबत नाही कोणासाठी. नेहमीची सकाळ, नेहमीची भिंतीलगतची लेन. दोन-चार हात मारले आणि ऐकू आलं. चटक्-चटक्.

मी थांबले. उभी राहिले. काठावर कोणी नव्हतं. टोकाला लाइफगार्डची पोरगी उंच खुर्चीवर जांभई देत होती. मी पुन्हा निघाले, आणि आवाज पुन्हा माझ्याबरोबर निघाला. मी हळू तर तो हळू. श्वास घ्यायला मान वळवली की फक्त फरशी, पण ओली, पावलापावलाच्या अंतराने ओली. बाहेर येऊन मी त्या पोरीला विचारलं, "आत्ता इथून कोणी चालत गेलं का?"

"नो, लव्ह. सकाळपासून तुम्ही एकट्याच आहात."

तुमच्या सपाता मी हॉस्पिटलातून आणलेल्या बाकी सामानाबरोबर पिशवीत घालून, गाठ मारून तुमच्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. घरी येऊन बघितलं. गाठ माझीच होती.

त्यानंतर मी एक मूर्खपणा केला, तो तुम्हाला सांगायलाच हवा, कारण तुम्ही असता तर आठवडाभर हसला असता. तुमच्या पावाचा शिळा तुकडा फेकायचा जिवावर आला, म्हणून मी तो तुमच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. हात आपसूक गेला. आमच्याकडे दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. तो शिवला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, असं धरतात, आणि घरचं कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने शब्द देतं, की अमुक करीन, तमुक सांभाळीन. शब्द बरोबर निघाला की कावळा येतो. मी यावर विश्वास ठेवत नाही. बाबांच्या वेळी कावळा लगेच आला होता, आणि तेव्हाही मी म्हणाले होते की त्याला भूक लागली असेल.

भिंतीवर कावळा आला. मँचेस्टरचा, लठ्ठ, चिप्सवर वाढलेला. पावापासून हातभर अंतरावर बसला आणि पावाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. ज्या पक्ष्याला मी डब्यातला कुजका पिझ्झा खाताना बघितलं आहे, तो पक्षी.

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. हळूच म्हणाले, "मंत्रिसाहेब, लायब्ररीची पुस्तकं परत केली." कावळा बसलेला. "गॅसच्या मीटरचं रीडिंग कळवलंय." बसलेला. "तुमच्या जिरेनियमच्या कुंडीला मी पाणी घालीन. हिवाळ्यात आत घेईन." त्याने मान तिरकी केली आणि पुन्हा सरळ. मला पुढचं वाक्य माहीत होतं. मी ते म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर करावं लागलं असतं. घरात येऊन मी कपाट आवरायला घेतलं, आणि ते आधीच आवरलेलं होतं.

हे इथवर लिहून ठेवलं आणि तसेच आणखी काही दिवस गेले. पाणी उतरत होतं, काठावर पावलं वाजत होती, चाळीसावा दिवस जवळ येत होता. सांगितलं तर तुमचं गुपित फुटणार होतं, आणि कदाचित लेस्याच्या मनात तुमच्याविषयी उरलंसुरलं होतं तेही जाणार होतं. न सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःला हरलेली समजणार होती. शेवटी एका रविवारी मी मागच्या दाराशी उभी राहिले, भिंतीकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "लेस्याला सांगेन," आणि आत येऊन फोन फिरवला. कावळ्याने काय केलं, ते बघितलं नाही.

लेस्या चाळीसाव्याला आली. घर रिकामं करायचं होतंच. स्वयंपाकघरात तुमच्या टेबलाशी मी तिला सगळं सांगितलं, जसं तुम्ही मला सांगितलं होतं तसं, माझ्याकडून एक शब्द न घालता. ती ग्लासाकडे बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी ग्लासावरचा पाव सरळ केला.

"पोहणाऱ्याला कळतं, सुनंदा आंटी. शेजारच्या लेनमध्ये कोण मागे आहे, हे पाण्यातच कळतं. मी त्यांच्यावर त्या जागेसाठी रागावले नव्हते. ते कधी म्हणतील, याची वाट बघत होते. दर महिन्याला मी फोन करायचे, ते हवामान सांगायचे."

"मी त्यांना म्हणत होते, की तुला सांगा."

"तुम्हाला सांगितलं त्यांनी." आवाज पहिल्यांदा हलला. "तुमच्याबरोबर काठाने चालायचे. मला मात्र पावसाबद्दल सांगायचे."

मी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. मग तिने विचारलं, "किती?"

मी तिला आकडा सांगितला. शतांशापर्यंत.

तिने तो हळूच आपल्या भाषेत म्हटला. एकदा, मग पुन्हा. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचा तो पूल किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

तिला माझाच जास्तीचा पोशाख दिला, लेगिंग्जसकट. तो तिच्या अंगावर इतका वाईट दिसत होता, की आम्ही दोघी चेंजिंग रूममध्ये हसलो. मी पाण्यात उतरले नाही. दारापाशीच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन, अनवाणी बसले. ती काठावर क्षणभर उभी राहिली आणि मग आत गेली. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पंधरा वर्षं कोरडी राहिलेली बाई, आणि पाण्याला पत्ताही लागला नाही. मी तीन वर्षांत काय शिकले होते, ते मला त्या क्षणी कळलं, आणि तुम्ही रोज काठाने चालत काय आठवत होतात, तेही.

ती भिंतीलगत गेली आणि आली, गेली आणि आली. बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती. माझ्याजवळ बसली.

"थँक यू," ती म्हणाली. "बरोबर चाललात म्हणून. पहिल्या वळणाला मी घाबरले होते, थांबणार होते. मग श्वास घ्यायला मान वळवली आणि तुमच्या सपाता दिसल्या. परत येतानाही तुम्ही या बाजूला आलात. ते पण असंच करायचे, मी लहान असताना."

"कसल्या सपाता?" मी विचारलं.

"निळ्या," ती म्हणाली, आणि खाली बघितलं.

माझी पावलं फरशीवर होती, उघडी, आणि कोरडी. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघींनी काठाकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळच्या गाडीआधी ती तुमच्या कोचावर बसली. मी न सांगता बसले. मधे जागा सोडली. कोणी बोललं नाही. मग ती उठली आणि स्टेशनला गेली. तुमचा फोटो तिने नेला. पिशवीतल्या सपाताही नेल्या. ग्लास राहू द्या म्हणाली, आजचा दिवस.

आज सकाळी मी गेले. दार उघडलं आणि सवयीने आधी खिडकीकडे बघितलं.

पाणी काठोकाठ होतं, ओरेस्त पेत्रोविच. चिकटपट्टीच्या खुणेवर, जिथे मी ठेवलं होतं तिथे. एक थेंब कमी नाही. एवढे दिवस मी याचीच वाट बघत होते, आणि आता ते भरलेलं बघून मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

मग लक्षात आलं की बसले ते बरं झालं. निघण्याआधी बसायचं असतं. मी काही बोलले नाही. तुमच्याकडे तसंच करतात.